आत्याबाईंचा क्राउन-पिनियन

गॅरेजात काम करणाऱ्या मुलीला लग्नात कुणी शांतपणे जेवू देत नाही. पंगतीत कुणीतरी शेजारी सरकतंच आणि म्हणतं, "सांग की गं, त्या गाडीचं पुढं काय झालं?" मी एक किस्सा सांगते, त्याला चिकटून दुसरा येतो, दुसऱ्याला तिसरा. डब्यातून एक वॉशर उचलावा आणि ग्रीसमुळं चार निघावेत, तसं. अडचण एवढीच, की मी घाबरट आहे. सांगता सांगता मागं कुणाच्या हातून ताट पडलं की मी दचकते आणि किश्श्याचा शेवटच विसरते. म्हणून या वेळी लिहून काढतेय. लिहिताना ताटं पडत नाहीत.

*

मी मेकॅनिकल इंजिनिअर. कॉलेज इथलंच, धाराशिवचं. पहिली नोकरी पुण्याकडं एका कारखान्यात लागली आणि माझं टेबल नेमकं प्रेस मशीनशेजारी मांडलं. मशीन दणकन खाली आलं की मी खुर्चीतून वर जायचे. दोघांचा ताल काही जमला नाही. मी बॅग भरून घरी परतले आणि आईनं शेजारपाजाऱ्यांना सांगितलं, "तिला तिथलं पाणी मानवलं न्हाय."

तुळजापूर रस्त्याला करीमचाचांचं गॅरेज आहे. ट्रॅक्टर, जीप, पिकअप, सगळ्यांचे गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल तिथं येतात. चाचा बाबांचे जुने मित्र. म्हणाले, "बसू दे तिला आमच्यात. मशीनशी बोलायला लागली की भीती जाईल."

पहिल्याच दिवशी चाचांनी बेअरिंग बसवायला हातोडा मारला. मी किंचाळले. माझ्या किंचाळण्यानं चाचा दचकले, हातोडा सुटला आणि त्यांच्याच पायावर पडला. एक गिऱ्हाईक तर चहाचा कप घेऊन थेट रस्त्यापलीकडं पळालं.

मला वाटलं, झालं, इथलंही पाणी मानवणार नाही आता.

पाय चोळत चाचा म्हणाले, "बेटा, तू हातोड्याला भितेस ते ठीक आहे. पण हातोडा तुला भ्यायला लागलाय, त्याचं काय?"

दुसऱ्या दिवसापासून गॅरेजात नवीन पद्धत आली. आवाज करायच्या आधी ओरडून सांगायचं. "प्राजू, हातोडा!" "प्राजू, कंप्रेसर!" बघता बघता गिऱ्हाइकांनाही सवय लागली. बुलेटवाले शेतकरी बाहेरूनच हाळी द्यायचे, "ताई, फटफटी बंद करतोय, एकदा फाटकन् वाजंल बरं का!"

एकदा चाचांना शिंक आली. नाक वर, डोळे मिटलेले, एक हात हवेत. "बेटा... शिंक... येतीय..." म्हणता म्हणता शिंक निघून गेली! त्याचं खापर ते अजून माझ्यावर फोडतात.

*

आता आत्याबाई. ही बाई नव्हे, गाडी. जुन्या काळची, चौकोनी, चार दारांची. इंजिन पुढं आणि ताकद मागच्या चाकांना. बेंबळीच्या बालाजीदादांची आत्या तुळजापुरात हेडमास्तरीण होती, तिची ती गाडी. आत्या गेली, गाडी दादांकडं आली आणि आत्याचं नाव गाडीला चिकटलं. त्यामुळं आमच्या गॅरेजात रोज कानावर पडणारी वाक्यं बाहेरच्यानं ऐकली तर पोलीस बोलवील. "आत्याबाईंना जॅकवर घे." "आत्याबाईंच्या खाली कोण झोपलंय?"

दादांकडं ऊस, सोयाबीन, दोन ट्रॅक्टर, सगळं होतं. पण जीव अडकला होता ट्रॅक डेमध्ये. ट्रॅक डे म्हणजे शर्यत नाही. हौशी माणसानं आपली गाडी खऱ्या रेस ट्रॅकवर न्यायची आणि ठरलेल्या वेळात मनसोक्त पळवायची. नंबर नाही, बक्षीस नाही. दादांनी मोबाईलवर त्याचे व्हिडिओ बघितले आणि ते येडेच झाले.

"गतिरोधक न्हाय, म्हैस न्हाय, समोरनं उसाची ट्रॉली न्हाय! प्राजू, असला रस्ता देवानं तरी बघितलाय का गं?"

कितीतरी महिने वाट बघून दादांना तमिळनाडूतल्या एका छोट्या, वळणावळणाच्या ट्रॅकवर जागा मिळाली. एक दिवस. सकाळी एक पाळी, दुपारी एक पाळी. संपलं. पुन्हा कधी जागा मिळेल, कुणी सांगू शकत नव्हतं.

आणि चाचांनी जाहीर केलं, "क्राउन-पिनियन कुठला टाकायचा, ते प्राजू ठरवील."

मी दचकले. या वेळी कुणी ओरडून सांगितलं नव्हतं.

*

क्राउन-पिनियन म्हणजे मागच्या डिफरन्शियलमधली, दोन चाकांच्या मधल्या त्या लोखंडी गोळ्यातली, दातेरी चाकांची जोडी. लहान चाक पिनियन, मोठं चाक क्राउन. लहान चाकाचे किती वेढे झाले की मोठं चाक एकदा फिरतं, तो झाला रेशो. आकडा मोठा, तर गाडी ओढते जोरात पण लवकर धापा टाकते. आकडा लहान, तर गाडी लांब पळते पण उठायला आळस करते. सायकल चालवलेल्या माणसाला हे पायांतूनच कळतं.

आमच्या बाकावर तीन जोड्या ठेवलेल्या होत्या. चाचांनी खडूनं त्यांच्यापुढं लिहिलं होतं: ओढणारा, मधला, पळणारा. एकदा आत घातलेली जोडी ट्रॅकवर गेल्यावर बदलता येत नाही. तिथं ना आपला बाक, ना आपला जॅक. म्हणजे माझा आकडा चुकला की दादांचा एवढ्या महिन्यांचा जीव वाया. ही गोष्ट मला रोज जेवताना आठवायची आणि घास तिथंच थांबायचा.

सल्ले मात्र फुकट आणि भरपूर. आमच्या भागात ज्यानं आयुष्यभर ऊस वाहिला, त्याच्या लेखी गाडीचा धर्म एकच, ओढणं. जो येईल तो पहिल्या जोडीवर हात ठेवायचा. ढोकीच्या कारखान्याकडं ट्रॉल्या नेणारे एक मामा चहा प्यायला थांबले. जोड्या बघून त्यांनी अगदी डॉक्टरसारखं विचारलं, "मागं वजन किती असणार?"

"काहीच नाही, मामा. मोकळी गाडी."

"मोकळी?"

"हो. ट्रॅकवर गोल गोल फिरायचं."

"मंग येताना काय भरून आणणार?"

"येतानाही काहीच नाही."

मामांनी कप खाली ठेवला. आधी गाडीकडं बघितलं, मग दारात बसलेल्या दादांकडं.

"बालाजी, घरी समदं बरं हाय न्हवं?"

*

दादांना मामांचं म्हणणं कुठंतरी लागलंच. आधी ओढणारी जोडी टाकून बघू म्हणाले. टाकली. मी गाडीची चाचणी कशी घ्यायची याचा विचार करत होते, तोवर दादांनी स्वतःची चाचणी ठरवलीसुद्धा. सकाळी येऊन बघते तर आत्याबाईंच्या मागं उसाची रिकामी ट्रॉली जोडलेली!

"दादा, हे काय?"

"चढावर घेऊन बघतो. ओढली तर क्राउन पास."

मी नको नको म्हणेपर्यंत आत्याबाई निघाल्यासुद्धा. मी आणि चाचा मागून स्कूटरवर. तुळजापूरच्या घाटात पुढं ही एवढीशी चौकोनी गाडी आणि मागं तिच्या दुप्पट ट्रॉली. गाडी ओरडत होती, पण चढत होती. खोटं कशाला बोलू? सोलापूरहून आलेली भाविकांची बस मागं अडकली. सगळ्या खिडक्यांतून मुंडकी बाहेर. एका आजींनी तर आत्याबाईंनाच हात जोडले.

ड्रायव्हरनं बस शेजारी आणून विचारलं, "ओ पाव्हणं, ट्रॅक्टर कुठं हरवला?"

दादा खिडकीतून रुबाबात म्हणाले, "हरवला न्हाय! त्यो रेसला गेलाय!"

*

ट्रॉली ओढली हे खरं, पण ट्रॅकवर ट्रॉली नसणार हे मी दादांना कसं समजावू? मी म्हणाले, "दादा, मला ट्रॅक बघितल्याशिवाय सांगता येणार नाही. सरळ रस्ता किती, वळण किती अरुंद, हे डोळ्यांसमोर यायला पाहिजे."

दादा म्हणाले, "एवढंच व्हय?"

दोन-तीन दिवसांनी त्यांनी मला बेंबळीला बोलावलं. सोयाबीन निघालेलं, रान मोकळं. आणि त्या रानात पांढऱ्या फक्कीनं, कबड्डीचं मैदान आखतात त्या फक्कीनं, अख्खा ट्रॅक आखलेला! नकाशा मोबाईलवर, टेप हातात, आणि आखणारी कोण, तर रेखावहिनी. म्हणजे दादांची बायको. वहिनी ट्रॅक्टर चालवतात, ऊस स्वतः कारखान्यावर घालतात आणि दादांची हौस नको तेव्हा आवरतात. पण या वेळी पदर खोचून त्या वळणं आखत होत्या. "यांनी आखलं असतं तर ट्रॅक कर्नाटकात गेला असता," म्हणाल्या.

मी तो ट्रॅक चालत चालत फिरले. प्रत्येक वळणावर थांबले. इथं वेग किती उरेल, इथं गिअर कुठला असेल, सगळं मनात मांडत. माझ्यासाठी कुणी कधी एवढं केलं नव्हतं. चेहरा कुणाला दिसू नये म्हणून मी उगाच खाली वाकून फक्की तपासल्यासारखं केलं.

तोवर बांधावर गर्दी जमलेली. गावात बातमी पसरली होती की बेंबळीत विमानतळ होणार, मोजणी सुरू झाली, बालाजीची जमीन गेली, आता आपली जाणार! शेजारचे तात्या काठी आपटत पुढं आले. "कुणाला विचारून मोजताय?"

मी दचकून वहिनींच्या मागं गेले. वहिनी शांतपणे म्हणाल्या, "तात्या, विमानतळ न्हाय."

तात्यांनी फक्कीची रेघ डोळ्यांनी धरली. सरळ, मग वाकडी, मग उलटी, मग परत तिथंच. त्यांच्या चेहऱ्यावरचा राग हळूहळू उतरला.

"व्हय, विमानतळ कसा असंल? असल्या धावपट्टीवर विमान उतरवायला पायलटला आधी पाजावी लागंल!"

*

शेवटी मी आकडा सांगितला. शटरवर खडूनं गणित मांडलं. मी निवडली होती पळणारी जोडी. जिच्यावर आजवर कुणीच हात ठेवला नव्हता.

"ओढणारी टाकली," मी म्हणाले, "तर सरळ रस्ता संपायच्या जरा आधीच तिसरा गिअर संपतो. चौथा टाकायचा आणि लगेच ब्रेक मारून परत तिसरा घ्यायचा. मधल्या जोडीचंही तेच. पळणारी टाकली तर तिसरा गिअर सरळ रस्त्याच्या शेवटापर्यंत पुरतो आणि वळणांतसुद्धा चालतो. गाडी सारखी तिसऱ्यातच ठेवायची."

"म्हंजे गिअर बदलायचाच न्हाय?" दादा उभेच राहिले. "मंग म्या एवढ्या लांब काय नुसतं स्टेअरिंग धरून बसायला जाऊ?"

चाचाही मान हलवत होते. "बेटा, इंजिन लहान आहे. वळणातून बाहेर निघताना गाडी झोपेल. मी असतो तर मधला टाकला असता."

चाचांचं म्हणणं चूक नव्हतं. गणितात झोपायची भीती होतीच. पण मी काय करू? मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती अचानक घडणाऱ्या गोष्टीची. गिअर बदलणं म्हणजे दर वेळी एक अचानक. जितके अचानक कमी, तितकं बरं, असं माझं एकंदर आयुष्याचंच धोरण आहे. ते मी कसंबसं सांगितलं. बोलताना आवाज इतका बारीक झाला की शेवटचं वाक्य मलाही ऐकू आलं नाही.

कुणी हसलं नाही. दादांनी चाचांकडं बघितलं. चाचांनी हात पुसले, पळणारी जोडी उचलली, दिव्याखाली धरून दात तपासले. मग माझ्यासमोर पाना धरला.

"आपल्याकडं रीत आहे. ज्याचा आकडा, त्याचा पहिला बोल्ट."

"पण चाचा, तुम्हाला तर पटलेलं नाही..."

"पटलेलं नाही. म्हणून तर नीट बसवणार. ढिला बसवला आणि फसला तर म्हणशील, चाचानं मुद्दाम केलं!"

आणि खरंच, त्यांनी ती जोडी अशी बसवली, की हातानं चाक फिरवलं तर कुरकुरसुद्धा नाही. ज्या गोष्टीवर आपला विश्वास नाही ती दुसऱ्यासाठी इतकी मन लावून करणारी माणसं मी फार बघितलेली नाहीत.

निघायच्या दिवशी वहिनी तुळजापूरहून कुंकू घेऊन आल्या. सगळ्यांना वाटलं बॉनेटला लावतील. वहिनी पदर सावरून सरळ गाडीखाली गेल्या आणि डिफरन्शियलला कुंकू लावून बाहेर आल्या.

चाचांनी विचारलं, "वहिनी, पूजा पुढची करतात ना?"

"पुढचा नुसता मिरवतोय," वहिनी म्हणाल्या, "वढतोय मागचा!"

*

आत्याबाई ट्रॅकवर पोचल्या त्या ट्रकात बसून. ट्रक उसाच्या वाहतुकीचा. गाडी हलू नये म्हणून दादांनी चारी बाजूंनी उसाचं पाचट कोंबलं होतं. तिथं पोचलो तर काय, एकेक गाड्या अशा चकाकणाऱ्या, की मी त्यांच्याकडं बघून केस नीट केले. आणि आमच्या ट्रकाचं फळकूट उघडलं तशी पाचटाची रासच खाली आली आणि तिच्यातून आत्याबाई बाहेर पडल्या. बॉनेटवर पाचट, आरशात पाचट, वायपरला पाचट.

शेजारी पुण्याहून आलेले एक काका होते. त्यांचीही आमच्यासारखीच जुनी गाडी, पण आरशासारखी घासलेली. त्यांनी फार सभ्यपणे विचारलं, "हे... हे कशासाठी असतं?"

मी लाजून जमिनीत जायच्या बेतात होते. चाचा पाचट झाडत म्हणाले, "काय सांगू साहेब, गाडी पहिल्यांदाच गाव सोडून आलीय. आपल्या घरचा वास लागतो तिला!"

*

सकाळची पाळी. दादा हेल्मेट घालून बसले. मी आणि चाचा जाळीपाशी उभे. वहिनींनी डोळे मिटलेले.

पहिल्याच वळणाला दादांनी इंडिकेटर दिला. दुसऱ्या वळणाला खिडकीतून हात बाहेर काढला. आंधळ्या वळणावर हॉर्न! मागून वेगवान गाडी आली, तिला वाट द्या म्हणून ट्रॅकवरच्या माणसानं निळं निशाण दाखवलं, तर दादांनी त्याला राम राम केला. पुढच्या फेरीत त्यानं निशाण जोरजोरात हलवलं, दादांनी दोन्ही हातांनी राम राम केला!

इथपर्यंत मी हसत होते. मग मला आवाज ऐकू यायला लागला.

दादा गिअर बदलत होते. सारखे. दुसरा, तिसरा, चौथा, परत दुसरा. सांगून सांगून थकले होते मी, पण हौसेपुढं गणित काय करणार? वळणात चौथा असायचा, आणि गाडी अक्षरशः झोपायची. चाचा म्हणाले होते तशीच. घरघर करत उठायची, सरळ रस्त्याला लागेपर्यंत बाकीच्या गाड्या दिसेनाशा झालेल्या असायच्या. एकेकजण आत्याबाईंना ओलांडून गेला. शेवटी ट्रॅकची सफाई करणारी गाडी निघाली, तीसुद्धा जरा घाईतच वाटली.

दादा परत आले. उतरले. चेहरा पांढराफटक. दोन पावलं चालले आणि टायरच्या ढिगावर बसले. "गरगरतंय. मेंदू अजून तिसऱ्या वळणावर हाय," म्हणाले. हातातल्या हेल्मेटकडं नुसते बघत राहिले. कितीतरी महिन्यांचा जीव आणि हे असं.

पुण्याचे काका आले. माणूस चांगला, मदतच करायची होती त्यांना. खाली वाकून मागं बघत म्हणाले, "डिफरन्शियल लाँग पडतंय तुम्हाला, म्हणजे आकडा फार लहान. या इंजिनाला चालणारच नाही. कुणी सिलेक्ट केलं?"

मी शाळेतल्यासारखा हात वर करायला गेले.

"म्या," दादा टायरवरूनच म्हणाले. "गाडी माझी, क्राउन माझा."

"नाही साहेब," चाचा म्हणाले, "उस्ताद मी आहे. बसवलाय मी. माझ्या गॅरेजातून माझ्या मर्जीशिवाय काही जात नाही."

"दोघं बी खोटं बोलत्यात," वहिनी म्हणाल्या, "त्याला कुंकू म्या लावलंय. तवा त्यो माझाच हाय!"

काका तिघांकडं आळीपाळीनं बघत राहिले. मी पाण्याची बाटली शोधायच्या निमित्तानं ट्रकामागं गेले आणि पाचटाच्या राशीत बसून मनसोक्त रडले. आकडा चुकला म्हणून नाही. तो चुकला असला तरी मला या माणसांनी एकटं पडू दिलं नव्हतं म्हणून.

*

दुपारची पाळी. दादा अजून लिंबू चोखत टायरवर. "आपलं झालं," म्हणाले, "गाडी भरा ट्रकात."

"भरा कसं?" वहिनी म्हणाल्या. "एवढ्या लांब येऊन पाळी वाया घालवायची व्हय?" आणि त्यांनी दादांच्या मांडीवरचं हेल्मेट उचललं.

सकाळी सगळे नाव नोंदवत होते, तेव्हा वहिनींनी गुपचूप स्वतःचं लायसन्स दाखवून दुसऱ्या ड्रायव्हरची जागा अडवून ठेवली होती. दादांनी विचारलं, "मला का न्हाय सांगितलं?" तर म्हणाल्या, "पूजेला जोडीनं बसतो, तवा काय सांगून बसतो का?"

अंबाड्यावर हेल्मेट बसेना. अंबाडा सोडला, वेणी सदऱ्याच्या आत घातली. पिशवीतून काढलेला दादांचा सदरा, दादांची पँट, कमरेला माझी ओढणी घट्ट. आत्याबाई निघाल्या. पिटमधून, म्हणजे गाड्या उभ्या असतात तिथून, बाहेर पडताना पहिला, दुसरा, तिसरा, असे आवाज ऐकू आले. माझा हात जाळीवर घट्ट. आता गिअर बदलून आवाज कधी तुटतो याची वाट बघत होते.

आवाज तुटलाच नाही.

वर चढायचा, खाली यायचा, परत वर. एकच आवाज. पहिलं वळण, दुसरं वळण, आणि मागचं ते दुहेरी वळण, जिथं सकाळी गाडी झोपायची. चाचांनी माझा दंड धरला. "बेटा, गिअर अडकला की काय?" आता डिफरन्शियल सुटणार, गाडी थांबणार, वहिनींना काही झालं तर? मी आईभवानीला एका श्वासात जेवढं मागता येईल तेवढं सगळं मागितलं.

गाडी थांबली नाही. सरळ रस्त्यावरून आमच्यासमोरून गेली तेव्हा इंजिन सुरात होतं, आणि तो सूर बरोबर रस्ता संपायच्या ठिकाणी संपला. शटरवर मी खडूनं लिहिलं होतं, अगदी तिथंच. पुढच्या फेरीला पुण्याच्या काकांची गाडी पुढं होती. दुहेरी वळणात आत्याबाई तिच्या मागं शिरल्या. बाहेर पडल्या तेव्हा पुढं होत्या.

दादा टायरवरून उठले. लिंबू खाली पडलं. "रेखा!" एवढंच ओरडले. इतक्या मोठ्यानं, की मी दचकायला पाहिजे होतं. दचकले नाही.

पाळी संपली. वहिनी आल्या, इंजिन बंद केलं, उतरल्या. दादा धावत पुढं आले आणि गाडीचं दार पुसायला लागले. चाचा गाडीखाली वाकून डिफरन्शियलला हात लावून बघत होते, आणि माझ्याकडं बघून नुसती मान हलवत होते. वर-खाली. या वेळी वर-खाली!

तेवढ्यात पुण्याचे काका आपल्या गाडीतून उतरून जवळजवळ पळतच आले. हेल्मेटसुद्धा काढलं नव्हतं.

"वहिनी, मानलं तुम्हाला! त्या मागच्या दुहेरी वळणात मी दर फेरीला गिअर बदलतोय आणि तुम्ही दर फेरीला जवळ येताय. मला एकच सांगा. तिथं तुम्ही नेमका कुठला गिअर टाकत होता?"

वहिनींनी हेल्मेट काढून बॉनेटवर ठेवलं, वेणी बाहेर काढली आणि त्यांच्याकडं जरा काळजीनंच बघितलं.

"वळणात कशाला टाकू, भाऊ? म्या निघतानाच टाकला की!"